जोहार खोऱ्यातून मिलमपर्यंत: सीमेलगतच्या पहिल्या ट्रेकची तयारी

कळसूबाईचा माथा १६४६ मीटरवर आहे. मिलमच्या वाटेवर मुक्कामाचं सगळ्यात खालचं गाव म्हणजे लीलम, आणि तेही साधारण १८५० मीटरवर आहे. मुनस्यारीहून निघाल्यावर पहिल्या दिवशी तुम्ही डोंगर चढत नाही, उतरत उतरत या लीलमला जाता. आपल्या सगळ्यात उंच शिखराच्याही वर उभं राहून आपण ‘खाली आलो’ म्हणतो, हे ज्याच्या पचनी पडलं त्याने सह्याद्री आणि हिमालयातला निम्मा फरक समजून घेतला.

हा लेख सह्याद्रीत नियमित फिरणाऱ्या, एखाददुसरा सोपा हिमालयीन ट्रेक केलेल्या आणि आता गर्दीच्या वाटा सोडून सीमेकडच्या एखाद्या खोऱ्यात जायचं मनात असणाऱ्यांसाठी आहे. उदाहरणादाखल जोहार खोरं घेतलंय. उत्तराखंडच्या पिथौरागढ जिल्ह्यात गोरीगंगेच्या काठाने मुनस्यारीहून वर मिलम गावापर्यंत आणि पुढे मिलम हिमनदीपर्यंत ही वाट जाते. मिलमच्या पलीकडे उंटाधुरा, जयंती, कुंगरीबिंगरी अशा खिंडींची रांग आणि त्यापुढे तिबेट. १९६२ पर्यंत इथले शौका व्यापारी याच खिंडींतून मेंढ्यांच्या पाठीवर धान्य आणि गूळ लादून न्यायचे, येताना मीठ आणि लोकर आणायचे. युद्धानंतर खिंडी बंद झाल्या आणि खोऱ्यातली गावं हळूहळू रिकामी होत गेली. आज ही वाट चालायची तर दोर-कुऱ्हाड लागत नाही. लागतात ती चिवट पावलं, नीट कागदपत्रं आणि दिवसांची सवड. यातली सवडच सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तीच आपण घरी विसरून येतो.

पहिल्या वेळी आम्ही चौघीजणी मोजून बारा दिवसांची रजा टाकून गेलो होतो. मुनस्यारीला पोहोचलो शुक्रवारी रात्री. शनिवार-रविवार परवान्याचं काम होत नाही, हे आम्ही पाहिलंच नव्हतं. सोमवारी दुपारी परवाना हातात पडला, मंगळवारी लीलम गाठलं आणि बुधवारी पहाटे पुढच्या वाटेवर दरड आली. वाट दोन दिवसांत मोकळी होईल असं गावकरी सांगत होते, आणि ती झालीही. पण आमच्याकडे ते दोन दिवसच नव्हते. परतीचं तिकीट धरून लीलमहूनच मागे फिरलो. चूक सर्वस्वी आमची होती. पुढे जे लिहिलंय ते त्या परतीच्या जीपमध्ये बसल्या बसल्या मांडायला घेतलेल्या हिशोबातून आणि नंतर पुन्हा जाऊन वरपर्यंत पोहोचलो त्यातून आलंय.

आधी कॅलेंडर, मग बूट

जोहारला जाण्याचे हंगाम दोनच: मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत आणि सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबर संपेपर्यंत. मधले पावसाचे महिने टाळायचेच. लीलम ते बोगडियार हा टप्पा गोरीगंगेच्या अरुंद घळीतून जातो, दोन्ही बाजूंचे उतार पावसात सुटतात आणि वाटेचे तुकडेच्या तुकडे नदीत जातात. हिवाळ्यात वरची गावं ओस पडतात, लोक कुलपं लावून खाली मुनस्यारीकडे येतात.

दोन हंगामांतला फरक आधी समजून घ्या. मे-जूनमध्ये बुग्याळं, म्हणजे उंचावरची गवताळ कुरणं, हिरवी होऊ लागतात, गावांत माणसं असतात, शेतं पेरली जातात. पण बोगडियार ते रिलकोटच्या दरम्यान हिमस्खलनाने आलेल्या बर्फाचे पट्टे अजून घळींमध्ये पडलेले असतात. शिवाय हाच मोसम कीडाजडी, म्हणजे अळीवर उगवणारी महागडी औषधी बुरशी, गोळा करण्याचा. खोऱ्यातली बरीचशी धडधाकट माणसं तेव्हा वरच्या कुरणांत महिनाभर तळ ठोकून असतात. त्या जडीतून घराची वर्षाची मोठी कमाई निघते, त्यामुळे तुमच्या सामानाला माणूस मिळेलच असं धरून चालू नका.

नवख्यांना माझा सल्ला सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते ऑक्टोबरचा मध्य असाच राहील. हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते, घळींतला बर्फ गेलेला असतो, ओढ्यांचं पाणी उतरलेलं असतं आणि वाटाडे मोकळे असतात. रात्री मात्र चांगलीच थंडी असते. जसजसा ऑक्टोबर पुढे सरकतो तशी गावं रिकामी होतात, म्हणून उशिरा जाणाऱ्यांनी शिधा पूर्णपणे स्वतःचा न्यावा.

दिवसांचा हिशोब

मुंबई-पुण्याहून दिल्ली, दिल्लीहून रात्रीच्या रेल्वेने काठगोदाम आणि तिथून जीपने मुनस्यारी. काठगोदाम ते मुनस्यारी हे अंतर २८० किलोमीटरच्या आसपास आहे. नकाशावर पाहून पाच-सहा तासांत पोहोचू असं वाटतं. प्रत्यक्षात अल्मोडा, बेरीनाग, थल, मग बिर्थीचा धबधबा आणि शेवटी कालामुनीची खिंड असं करत दहा-अकरा तास लागतात, आणि वळणांनी पोट ढवळतं ते वेगळंच. शेअर जीप पहाटेच सुटतात. दुपारी निघून रात्री कालामुनी उतरायचा विचारही करू नका.

माझा आराखडा असा:

पहिला आणि दुसरा दिवस काठगोदामपर्यंतच्या प्रवासाचे.
तिसरा दिवस मुनस्यारी गाठण्याचा.
चौथा आणि पाचवा दिवस मुनस्यारीत: परवाना, शिधा, माणसं ठरवणं आणि एक दिवस जवळच्या खलिया टॉप या उंच कुरणाची चढाई.
सहावा दिवस लीलम.
सातवा बोगडियार, साधारण २४५० मीटर.
आठवा रिलकोट, साधारण ३२०० मीटर.
नववा मर्तोली. छोटाच टप्पा, मुद्दाम.
दहावा मिलम, साधारण ३४५० मीटर.
अकरावा हिमनदीच्या मुखापर्यंत जाऊन परत मिलम.
बारावा ते पंधरावा दिवस त्याच वाटेने मुनस्यारी.
सोळावा आणि सतरावा परतीचा प्रवास.

यात तीन राखीव दिवस मिळवा. म्हणजे वीस. हे तीन दिवस कागदावर वेगळे लिहा आणि त्यांना हात लावू नका. दरड, पूल, पाऊस, कुणाचं तरी पोट बिघडणं, काहीही होऊ शकतं. २०२० च्या जूनमध्ये मुनस्यारी-मिलम रस्त्यावर धापाजवळ यंत्रसामग्री नेणाऱ्या ट्रकच्या भाराने बेली पूल, म्हणजे सुटे पोलादी भाग जोडून उभारलेला पूल, कोसळला होता. सीमा रस्ते संघटनेने काही दिवसांत नवा पूल उभा केला. सीमाभागासाठी हा वेग कौतुकाचाच, पण तेवढे दिवस वाट पाहायची सवड तुमच्या तिकिटात हवी.

वीस दिवस रजा मिळत नसेल तर? मग मिलम सोडा आणि मर्तोलीहून मागे फिरा. उद्दिष्ट आखूड करा, राखीव दिवस कापू नका. मर्तोली काही दुय्यम बक्षीस नाही. गावामागे भूर्जवृक्षांचं रान आहे, वर नंदादेवीचं देऊळ आहे, आणि तिथे बसून जे दिसतं त्यासाठी दोन वेळा जावं.

एक गोष्ट निघण्याआधीच्या आठवड्यात फोन करून विचारा: गाडी कुठपर्यंत जाते? मुनस्यारीहून मिलमपर्यंतच्या रस्त्याचं काम अनेक वर्षं चालू आहे आणि गाडीचा टप्पा हंगामागणिक बदलत राहतो. पायवाट काही ठिकाणी रस्त्याच्या कामात गेली आहे, काही ठिकाणी वरून वळवली आहे. सुरुंग लावायच्या वेळी वाट काही तास बंद ठेवतात. दोन वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या मित्राची माहिती इथे शिळी समजा, माझीसुद्धा. मुनस्यारीतल्या होमस्टेच्या मालकांकडून किंवा कुमाऊं मंडल विकास निगमच्या विश्रामगृहातून कळेल तीच खरी.

कागद

मिलम ‘इनर लाइन’च्या आत येतं, म्हणजे भारतीय नागरिकालाही परवाना लागतो. तो मुनस्यारीच्या एसडीएम कार्यालयातून मिळतो. एसडीएम म्हणजे आपल्याकडचे प्रांत. ओळखपत्राच्या प्रती, पासपोर्ट आकाराचे फोटो, तंदुरुस्तीचं वैद्यकीय प्रमाणपत्र आणि प्रतिज्ञापत्र हे हाताशी ठेवा. नेमकी यादी अधूनमधून बदलते, म्हणून जायच्या आधी विचारून घ्या. प्रत्येक कागदाच्या सहा-सहा प्रती पुण्या-मुंबईतच काढून न्या. डोंगरातल्या गावात वीज गेली की झेरॉक्सचं दुकान बंद, आणि त्या एका पानासाठी आख्खा दिवस जातो. वैद्यकीय प्रमाणपत्र घरच्या डॉक्टरांकडून खरोखर तपासून घ्या. रक्तदाब, साखर, दमा यातलं काहीही असेल तर ते लपवून फायदा कुणाचाच नाही.

सोमवार ते गुरुवारपैकी एखाद्या दिवशी सकाळी कार्यालयात पोहोचाल असा प्रवास आखा. उत्तराखंडच्या स्थानिक सुट्ट्या आपल्या कॅलेंडरवर छापलेल्या नसतात, त्याही बघा.

परदेशात स्थायिक झालेल्या मराठी मंडळींसाठी एक सूचना. ओसीआय कार्ड हातात असलं तरी अशा संरक्षित भागात तुम्ही भारतीय नागरिकांच्या रांगेत बसत नाही, वेगळी परवानगी काढावी लागते. पुण्यातल्या चुलतभावाबरोबर जाऊ, तिथे बघू, असं करू नका. नाहीतर तो पुढे जाईल आणि तुम्ही मुनस्यारीत समोरच्या पंचाचुली शिखरांकडे पाहत बसाल.

परवान्याची एक प्रत सॅकमध्ये, एक वाटाड्याकडे, एक प्लास्टिकच्या पिशवीत घालून आतल्या खिशात. चौक्यांवर भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे जवान परवाना तपासतात आणि वहीत नोंद करतात. जेवढे दिवस लागतील असं वाटतं त्यापेक्षा तीन दिवस जास्तीचे परवान्यात मागून घ्या. राखीव दिवसांना कागदाचाही आधार हवा.

वाटाड्या, पोर्टर, खेचरं

या वाटेला स्थानिक माणूस घ्याच. वाट सापडत नाही म्हणून नव्हे, मळलेलीच आहे. पण कोणती घळ काल रात्री सुटली, कोणत्या घरात मुक्कामाला जागा मिळेल, कोणता लाकडी पूल आता भरवशाचा नाही, हे त्यालाच ठाऊक असतं. शक्यतो जोहारचाच माणूस बघा. त्याची मावशी वरच्या बुर्फू गावात आणि आजोळ बिल्जूत असतं, आणि अडचणीच्या वेळी ते नातं तुमच्याही कामाला येतं.

ठरवताना पैशांचं बोलणं आधीच आणि स्पष्ट करा: दिवसाचे किती, परतीच्या रिकाम्या दिवसांचे किती, राखीव दिवस वापरले तर त्याचे किती, जेवण कुणाकडे. पोर्टरच्या पाठीवर वीस किलोच्या आसपास ओझं पुरे. त्याच्या पायात काय आहे ते बघा, त्याला पावसाचं जाकीट आहे का ते बघा. नसेल तर मुनस्यारीच्या बाजारातून घेऊन द्या आणि तो खर्च तुमच्या ट्रेकच्या खर्चात धरा. आपल्या जाकिटाला दहा हजार मोजणाऱ्यांनी इथे घासाघीस करू नये, हे मी मनापासून सांगते.

रोकड काठगोदामजवळच्या हल्द्वानीतच काढून घ्या. मुनस्यारीच्या पुढे पैशांची काही सोय नाही.

घरी असतानाची तयारी

तीन महिने हवेत. या ट्रेकला एका दिवसाचा मोठा दम लागत नाही. लागते ती रोज सहा-सात तास, सलग आठ-दहा दिवस चालत राहण्याची सवय. त्यामुळे एक रविवार तंगडतोड आणि सहा दिवस खुर्ची, ही आपली नेहमीची पद्धत इथे उपयोगाची नाही. आठवड्यातून चार दिवस चाला किंवा जिने चढा. सिंहगड जवळ असेल तर पाठीवर आठ किलो घेऊन सकाळी गड, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गड. दुसऱ्या दिवशीच्या चढाईत पाय काय बोलतात, ते ऐकणं हीच खरी चाचणी. महिन्यातून एकदा राजगड-तोरणा किंवा तशाच जोडट्रेकला जा, मुक्कामासकट, स्वतःची सॅक स्वतः उचलून.

उताराची तयारी लोक विसरतात. सह्याद्रीतले खडकातले उभे उतार गुडघ्यांना चांगलं शिक्षण देतात, तेवढं आपल्याकडे आहे. उतरताना पावलं लहान टाकायची सवय लावून घ्या आणि निघायच्या आधी पायाची नखं कापा. लीलमच्या पहिल्याच उतारात बोट बुटाच्या टोकाला आपटायला लागतं आणि चौथ्या दिवशी नख काळं पडतं.

सॅक

बूट घोट्यापर्यंतचे, आणि किमान साठ-सत्तर किलोमीटर चालून मऊ केलेले. नवे कोरे बूट घालून येणारा माणूस दरवर्षी एक तरी भेटतो, आणि बोगडियारला टाचांना पट्ट्या लावत बसलेला असतो.

कपडे थरांचे: आत घाम शोषून लगेच वाळणारा, मध्ये लोकरी किंवा फ्लीसचा, वर वारा-पाऊस अडवणारा, आणि मुक्कामावर घालायला पिसांचं जाकीट. सुती बनियन आणि जीन्स घरी. हातमोजे दोन जोड, लोकरी टोपी, उन्हाची टोपी, काळा चष्मा. बॅटरी डोक्याला लावायची. काठ्या दोन. सॅकच्या आत खताच्या गोणीसारखी जाड प्लास्टिकची पिशवी घाला आणि सगळं सामान तिच्यात भरा. नुसत्या वरून घालायच्या रेनकव्हरवर मी कधीच विसंबत नाही. झोपायची पिशवी, म्हणजे स्लीपिंग बॅग, शून्याखाली पाच अंशांना पुरेल अशी हवी.

खाण्यात मुनस्यारीचा राजमा, तांदूळ, डाळ, बटाटे, पीठ तिथेच घ्या. इथल्या पांढऱ्या राजम्याला भौगोलिक मानांकन आहे आणि तो शिजतोही चांगला. फोडणीला जंबू मागा. वाळक्या गवतासारख्या दिसणाऱ्या त्या काड्या गरम तेलात पडल्या की डाळीला वेगळाच गंध येतो. घरून न्यायचं ते वाटेत खायला: शेंगदाण्याचे लाडू, मेटकूट, गूळपापडी, चिवडा. उंचीवर भूक मरते, तेव्हा ओळखीची चव घशाखाली उतरते. मेटकूट-भात तर आमच्या वाटाड्याने दुसऱ्यांदा मागून घेतला होता.

पाणी उकळून किंवा गाळणीने गाळूनच प्या. ओढा कितीही काचेसारखा असला तरी त्याच्या वर कुठेतरी मेंढ्या बसलेल्या असतात.

वाटेवर

सकाळी सहाला निघा, दुपारी दोनपर्यंत मुक्काम गाठा. या एका सवयीने निम्मे धोके टळतात. हिमनदीतून येणाऱ्या ओढ्यांचं पाणी दिवसाच्या उन्हाने वाढत जातं. सकाळी घोट्याएवढा असलेला प्रवाह चार वाजता मांडीला लागतो. दगडही उन्हाने बर्फ वितळल्यावर सुटतात, पहाटे ते जागेवर गोठलेले असतात.

खेचरांचा ताफा समोरून आला की डोंगराच्या बाजूला सरका, दरीच्या बाजूला कधीही नाही. हे वाचताना किरकोळ वाटतं. बोगडियारच्या अलीकडे दोन हात रुंदीच्या वाटेवर, खाली गोरीगंगेचा आवाज एवढा की शेजारचं बोललेलं ऐकू येत नाही, अशा ठिकाणी मी ते पाहिलंय. पाठीवर सिमेंटच्या गोण्या लादलेली खेचरं मान खाली घालून येतात. गोणी दोन्ही बाजूंना वीतभर बाहेर आलेली असते आणि त्या जनावराला तुमच्या खांद्याचा अंदाज नसतो. आमच्यातली एक जण फोटो काढायला दरीकडच्या कडेला थांबली होती. वाटाड्याने काही न बोलता तिच्या सॅकचा पट्टा धरून तिला कातळाशी ओढून घेतलं. तिसऱ्या खेचराची गोणी नेमकी तिथून गेली जिथे तिचा कोपर होता. त्यानंतर घंटा ऐकू आली की आम्ही चौघी न सांगता भिंतीला पाठ लावून उभ्या राहायला लागलो.

बर्फाचे पट्टे लागले, तर तिथे घाई नको. वरून मातीने काळपट झालेला, घट्ट दिसणारा बर्फ आतून ओढ्याने पोखरलेला असू शकतो. कडा आणि मध्यभाग पातळ असतो, खालून पाण्याचा आवाज येतो. वाटाड्याने काठीने चाचपून दाखवलेल्या जागीच पाय द्या, एका वेळी एकानेच जा आणि दोघांत अंतर ठेवा. घसाऱ्यावरून आडवी मारताना वर बघा आणि थांबू नका. फोटो पलीकडे जाऊन काढा.

चालायचा वेग कसा ठेवायचा? यासाठी मी मिलमच्याच एका माणसाची आठवण ठेवते. १८३० मध्ये या गावच्या घराण्यात जन्मलेले नैनसिंह रावत हे शाळामास्तर. ब्रिटिशांच्या सर्वेक्षण खात्यासाठी ते वेष बदलून तिबेटात गेले आणि १८६६ च्या जानेवारीत ल्हासाला पोहोचले. अंतर मोजायचं साधन म्हणजे त्यांची पावलं. चढ असो वा उतार, एका मैलाला साधारण दोन हजार पावलं पडतील असं एकसारखं चालायला ते शिकले होते. मोजणीसाठी जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी ठेवलेले. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिलं. रिलकोटच्या चढाला मी शंभर पावलं मोजते, पाच श्वास घेते आणि पुन्हा शंभर मोजते. न थांबता पुढे गेलेले लोक वरच्या वळणावर धापा टाकत बसलेले भेटतात.

उंची

या वाटेची मांडणी नवख्यांना मानवते, कारण मुक्कामांची उंची हळूहळू वाढते. मोठी उडी एकच, बोगडियार ते रिलकोट. त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं असं झालं तर ते उंचीमुळे आहे असंच आधी धरा. तिथेच थांबा, पाणी प्या, वर जाऊ नका. आमच्या आराखड्यात रिलकोटनंतर मर्तोलीचा छोटा टप्पा आहे तो यासाठीच. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, असा सर्वसाधारण नियम आहे.

चालताना तोल जाणं, बोलणं अडखळणं, बसल्या जागी धाप लागणं, खोकल्याबरोबर फेस येणं, यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी त्या माणसाला खाली आणायचं. सकाळपर्यंत थांबून बघू असं म्हणायचं नाही. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी घ्यायची की नाही हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा, विशेषतः सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी. आणि गटात आधीच ठरवून टाका की कुणाला त्रास झाला तर त्याच्याबरोबर कोण उतरेल. वर गेल्यावर हा प्रश्न काढला की सगळे एकमेकांकडे बघतात.

सीमेचे नियम

सॅटेलाइट फोन आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं परवानगीशिवाय भारतात बाळगणं हा गुन्हा आहे. परदेशातून येणारे ट्रेकर सुरक्षिततेसाठी म्हणून ती आणतात आणि अडकतात. ड्रोन नेऊ नका. चौक्या, पूल, लष्करी वाहनं, जवान यांचे फोटो काढू नका. परवान्यात लिहिलेल्या ठिकाणाच्या पुढे एक पाऊलही नाही, समोरची खिंड कितीही जवळ दिसली तरी. जवानांशी आदराने बोला. महिनोन् महिने घरापासून लांब असलेली ही मुलं असतात, त्यात मराठी निघालाच एखादा तर गप्पा संपत नाहीत.

मुनस्यारीच्या वर मोबाइल चालेल असं धरूच नका. घरच्यांना निघायच्या आधी लिहून द्या: कोणत्या तारखेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची नाही, आणि कोणत्या तारखेनंतर कुणाला फोन करायचा. ही दुसरी तारीख राखीव दिवस धरून टाका.

गावं

रिलकोटच्या वर खोरं एकदम रुंद होतं, झाडं संपतात आणि एकामागून एक गावं लागतात: मर्तोली, बुर्फू, बिल्जू. बिल्जूच्या आसपास नंदादेवी पूर्व समोर उभी राहते, आणि मिलमजवळ हरदेवल आणि त्रिशूली. ही शिखरं कुणी सांगायची गरज नाही, मान आपोआप वर जाते. पण मला जास्त आठवतात ती घरं. दगडी भिंती उभ्या, छपरं खचलेली, आणि नक्षी कोरलेली लाकडी चौकट तशीच, आत नेटल उगवलेलं. नेटल म्हणजे इथली बिच्छू घास, हात लागला की आग होते. या घरांत शिरू नका, चौकटीचा तुकडा आठवण म्हणून उचलू नका. ती पडकी दिसत असली तरी कुणाची तरी आहेत. दर उन्हाळ्यात काही कुटुंबं वर येतात, बटाटा आणि राजमा लावतात, कुलदैवताची पूजा करतात.

बुर्फूत एक आजी अंगण सारवत होत्या. आम्ही ओलांडायला कचरलो तर त्यांनी कोरड्या कडेने यायची खूण केली आणि चुलीवरचा लोणी-मिठाचा चहा दिला. इथे त्याला ‘ज्या’ म्हणतात. पहिल्या घोटाला तो चहा वाटत नाही, सूप समजून प्यायचा. पैसे विचारल्यावर त्या रागावल्या. अशा वेळी पैसे पुढे करण्यापेक्षा सॅकमध्ये काडेपेट्या, मेणबत्त्या, सुया-दोरे, चांगली चहापत्ती यांचं एक पुडकं ठेवा. मुनस्यारीहून वर आणायला जड जातं ते सगळं इथे मोलाचं असतं. फोटो विचारून काढा. प्लास्टिक सगळं परत खाली आणायचं, लाडूंच्या पिशवीपासून बिस्किटाच्या कागदापर्यंत.

परतताना प्रत्येक चौकीवर थांबून बाहेर पडल्याची नोंद करा. दमलेले असता, मुनस्यारी दिसायला लागलेलं असतं, आणि ती नोंद राहून जाते. वहीत तुम्ही अजून आतच असता. पोर्टर आणि वाटाड्याचा हिशोब त्याच संध्याकाळी, मोजून, सगळ्यांसमोर चुकता करा. त्यांना पहाटे आपल्या गावी निघायचं असतं.